विश्वाच्या जमाखर्चातील तूट

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही विश्वरचनेवर बोलत होतो. बोलता बोलता आम्ही सांगितले, की विश्वातील साध्या द्रव्याचा बराच मोठा भाग शास्त्रज्ञांना अनेक वर्षे सापडत नव्हता. मागच्या रांगेतील एका बाईंनी हात वर केला. त्यांनी विचारले, "घरातली वस्तू हरवली असे आपण म्हणतो, कारण ती आधी घरात होती हे आपल्याला माहीत असते. जे द्रव्य कोणी कधी पाहिलेच नाही ते हरवले, आणि अमुक इतके हरवले, हे तुम्ही कशावरून म्हणता?" वेळ संपत आली होती. आम्ही घाईघाईने काहीतरी उत्तर दिले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. घरी परतताना मात्र लक्षात आले, की प्रश्न अगदी नेमका होता आणि आपले उत्तर फार अपुरे होते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'हरवलेले द्रव्य' म्हटले, की बहुतेकांना कृष्णद्रव्य आठवते. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा दीर्घिकासमूहातील दीर्घिकांचे वेग पाहून अदृश्य द्रव्याची कल्पना मांडली. पुढे १९७०च्या दशकात व्हेरा रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घिकांच्या फिरण्याच्या वेगावरून तिला बळकटी दिली. हे कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे ते आजही माहीत नाही. ते प्रोटॉन-न्यूट्रॉनचे नाही, एवढे मात्र जवळजवळ सर्वमान्य आहे. आपण येथे ज्या द्रव्याबद्दल बोलणार आहोत ते याहून अगदी वेगळे आहे. ते आपल्या ओळखीचे, प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन यांचे बनलेले, खडू, फळा, पाणी आणि सूर्य ज्याचे बनले आहेत तेच द्रव्य आहे. आजच्या मोजमापांनुसार विश्वातील एकूण वस्तुमान-ऊर्जेत कृष्णऊर्जा सुमारे ६८ टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के आणि हे साधे द्रव्य जेमतेम ५ टक्के आहे. गंमत अशी, की या ५ टक्क्यांचाही हिशोब लागत नव्हता. परक्या ९५ टक्क्यांचे सोडा, घरच्या ५ टक्क्यांतच मोठी तूट होती.

जमेची बाजू : पहिली नोंद

तूट आहे हे कळण्यासाठी हिशोबाच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे माहीत असाव्या लागतात. मुळात द्रव्य किती होते, ही जमेची बाजू. आज ते कोठे कोठे दिसते, ही दुसरी बाजू. जमेची बाजू आपल्याला विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतून मिळते.

१९४८ मध्ये राल्फ आल्फर आणि जॉर्ज गॅमो यांनी मांडले, की विश्व सुरुवातीला अतिशय तप्त आणि दाट असेल, तर तेव्हा प्रोटॉन-न्यूट्रॉन एकत्र येऊन हलकी अणुकेंद्रे बनली असली पाहिजेत. १९६७ मध्ये रॉबर्ट वॅगनर, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉईल यांनी हे गणित तपशिलाने केले. हॉईल हे आपल्याकडील वाचकांना जयंत नारळीकरांचे गुरू आणि सहकारी म्हणून परिचित आहेत. त्यांना महास्फोटाची कल्पना मान्य नव्हती. तरीही या गणिताला त्यांचा हातभार लागला. न पटणाऱ्या कल्पनेचेही गणित प्रामाणिकपणे करून पाहायचे असते, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

गणिताचा गाभा सोपा आहे. पहिल्या काही मिनिटांत दर सोळा कणांमागे साधारण चौदा प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन उरले होते. हे दोन न्यूट्रॉन आणि दोन प्रोटॉन मिळून हेलियमचे एक अणुकेंद्र बनते. सोळापैकी चार, म्हणजे वस्तुमानाने पंचवीस टक्के हेलियम. उरलेला सगळा हायड्रोजन. जुन्या, फारशा न बदललेल्या वायूत हेलियमचे प्रमाण खरोखरच याच्या अगदी जवळ आढळते.

पण द्रव्याची घनता किती, हे सांगण्याच्या कामी हेलियम फारसा उपयोगी पडत नाही, कारण घनता बदलली तरी त्याचे प्रमाण फार बदलत नाही. त्या कामी येते ते ड्युटेरियम, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असलेले जड हायड्रोजनचे अणुकेंद्र. ते हेलियम बनण्याच्या वाटेवरची पहिली पायरी आहे. द्रव्य दाट असेल, तर कण एकमेकांवर वारंवार आदळतात, ड्युटेरियमचे हेलियम होऊन जाते आणि थोडेच शिल्लक राहते. द्रव्य विरळ असेल, तर विश्व थंड होण्यापूर्वी हे काम पुरे होत नाही आणि ड्युटेरियम जास्त उरते. म्हणजे उरलेले ड्युटेरियम मोजले, की साध्या द्रव्याची घनता कळते. शिवाय तारे ड्युटेरियम जाळून टाकतात, नव्याने साठवत नाहीत. त्यामुळे आज जे दिसते ते पहिल्या मिनिटांतलेच शिल्लक होय.

ड्युटेरियम मोजायचे तर ताऱ्यांनी न हाताळलेला वायू हवा. असा वायू दूरच्या क्वेसारच्या प्रकाशवाटेवर सापडतो. येथे एक चकवा झाला. १९९४ मध्ये अँटोइनेट सोंगायला आणि सहकाऱ्यांनी हवाई बेटावरील केक दुर्बिणीतून एक मापन प्रसिद्ध केले. त्यानुसार ड्युटेरियमचे प्रमाण हायड्रोजनच्या दर दहा लाख अणूंमागे दोनशेच्या आसपास होते. हे खरे असते, तर विश्वात साधे द्रव्य मुळातच कमी ठरले असते आणि हरवलेल्या द्रव्याचा प्रश्न बराच सौम्य झाला असता. पण डेव्हिड टिटलर, स्कॉट बर्ल्स आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या क्वेसारच्या दिशेने केलेल्या मापनांत ते प्रमाण कितीतरी कमी भरले. दोन-तीन वर्षे वाद चालला. शेवटी लक्षात आले, की पहिल्या मापनात ज्या रेषेला ड्युटेरियमची समजले गेले तिच्या जागी साध्या हायड्रोजनच्या दुसऱ्याच ढगाची रेषा मिसळली होती. आज स्वीकारलेले प्रमाण दर दहा लाखांमागे सुमारे पंचवीस आहे. त्यावरून येणारी साध्या द्रव्याची घनता विश्वाच्या एकूण घनतेच्या जवळजवळ ५ टक्के येते.

जमेची बाजू : दुसरी नोंद

एकाच वहीवर विसंबून हिशोब करणे धोक्याचे. सुदैवाने दुसरी वही मिळाली. १९६५ मध्ये आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरी प्रारणाचा शोध जाहीर केला. हे प्रारण विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना निघालेले आहे. त्याआधी प्रकाश आणि द्रव्य एकमेकांत गुंतलेले होते आणि त्या मिश्रणात ध्वनिलहरी उठत होत्या. या लहरींच्या खुणा प्रारणाच्या तापमानातील बारीक चढउतारांत, एका लाखात एक-दोन भाग इतक्या, उरल्या आहेत.

यात साध्या द्रव्याचे वजन कसे ओळखायचे? वर्गात एक स्प्रिंग टांगा. तिला हलके वजन लावून खालीवर होऊ द्या आणि मग जड वजन लावा. जड वजन आधीच्यापेक्षा खाली लोंबते आणि त्या खालच्या जागेभोवती झोके घेते. सुरुवातीच्या विश्वातही असेच झाले. साधे द्रव्य जितके जास्त, तितके कृष्णद्रव्याच्या खळग्यांत मिश्रणाचे दबणे जोरदार आणि उसळणे दुबळे. प्रारणाच्या आलेखातील पहिला उंचवटा दबण्याचा, तर दुसरा उसळण्याचा. दोघांच्या उंचीची तुलना केली, की साध्या द्रव्याचे प्रमाण मिळते.

२००१ मध्ये सोडलेल्या डब्ल्यूमॅप उपग्रहाची पहिली फलिते २००३ मध्ये आली. पुढे २००९ मध्ये सोडलेल्या प्लांक उपग्रहाने ती आणखी अचूक केली. उत्तर पुन्हा ५ टक्क्यांच्या आसपासच आले. पहिली नोंद पहिल्या काही मिनिटांतील अणुकेंद्रांच्या क्रियांवरून, दुसरी जवळजवळ चार लाख वर्षांनंतरच्या ध्वनिलहरींवरून. दोन्हींची उपकरणे, माणसे आणि भौतिकी वेगळी. तरीही आकडा एकच. शिबिरातील बाईंच्या प्रश्नाचा पहिला भाग येथे सुटतो. द्रव्य 'घरात होते' हे आपल्याला दोन स्वतंत्र साक्षीदार सांगतात.

हा आकडा डोळ्यांसमोर आणण्यासाठी एक छोटे गणित वर्गात करता येईल. ५ टक्के म्हणजे सरासरी दर चार घनमीटर जागेत एक प्रोटॉन. वर्गखोली ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच धरली, तर तिचे घनफळ १४४ घनमीटर होते. विश्वातील सगळे साधे द्रव्य सारखे पसरले, तर एवढ्या खोलीच्या वाट्याला अवघे ३६ प्रोटॉन येतील. या छत्तीसांची हजेरी घेणे, हाच सगळा प्रश्न आहे.

हजेरी

१९९२ मध्ये मासिमो पर्सिक आणि पाओलो सालुची यांनी दीर्घिकांतील तारे आणि वायू, तसेच दीर्घिकासमूहांतील तप्त वायू यांची बेरीज केली. ती अणुकेंद्रांच्या गणितातून येणाऱ्या किमान आकड्याच्याही एक दशांशापेक्षा कमी भरली. १९९८ मध्ये मासाताका फुकुगिता, क्रेग होगन आणि जेम्स पीबल्स यांनी विश्वातील साध्या द्रव्याचे रीतसर अंदाजपत्रकच मांडले. तारे, मृत ताऱ्यांचे अवशेष, थंड वायू, तप्त वायू, अशी खातेवार नोंद केली. पुढे २०१२ मध्ये मायकेल शुल आणि सहकाऱ्यांनी अशीच अद्ययावत यादी केली. तिच्यानुसार दीर्घिकांच्या वाट्याला सुमारे ७ टक्केच द्रव्य येते. म्हणजे आपल्या छत्तीसांपैकी दोन किंवा तीन! रात्रीच्या आकाशात तारे आणि दीर्घिका यांच्या रूपाने जे काही चमकते ते सगळे या दोन-तीनांत आले.

पहिला संशय अर्थातच न चमकणाऱ्या पिंडांवर आला. खुजे निस्तेज तारे, गुरूसारखे एकटे भटकणारे ग्रह, विझलेले तारे यांत हे द्रव्य दडले असेल काय? असा पिंड दूरच्या ताऱ्यासमोरून गेला, तर त्याच्या गुरुत्वाने ताऱ्याचा प्रकाश काही काळ वाढतो. १९९०च्या दशकात मॅको आणि इरॉस या गटांनी मॅजेलनच्या मेघांतील लक्षावधी तारे वर्षानुवर्षे असे निरखले. अशा घटना सापडल्या, पण मोजक्याच. तूट भरून निघेल इतके पिंड नव्हते. उरला वायू.

सकाळी हजर, दुपारी गैरहजर

वायू शोधण्याची एक चांगली रीत १९७१ पासून माहीत होती. त्या वर्षी रॉजर लिंड्स यांनी एका दूरच्या क्वेसारच्या वर्णपटात बारीक शोषण रेषांची दाटी दाखवली. हायड्रोजनचा अणू १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषतो. प्रकाश वाटेत असताना विश्व प्रसरण पावत असल्यामुळे, वाटेतील प्रत्येक ढगाची रेषा वेगवेगळ्या ठिकाणी उमटते. जवळच्या ढगाची थोडी सरकलेली, लांबच्या ढगाची जास्त. वर्णपटात या रेषा झाडांसारख्या दाट उभ्या दिसतात, म्हणून त्यांना लायमन-आल्फा अरण्य म्हणतात.

१९९७ च्या सुमारास या अरण्यावरून द्रव्याची मोजदाद झाली. तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. विश्व दोन-तीन अब्ज वर्षांचे असताना जवळजवळ सगळे साधे द्रव्य या विरळ वायूत होते. हजेरी पूर्ण भरत होती. पण आपल्या काळाकडे येताना अरण्य विरळ होत गेले आणि ताऱ्यांची संख्या मात्र त्या मानाने वाढली नाही. सकाळच्या हजेरीला सगळी मुले वर्गात, आणि मधल्या सुट्टीनंतर निम्म्याहून जास्त गैरहजर, असा हा प्रकार होता. शाळेच्या आवारातून तर कोणी बाहेर गेलेले नाही, कारण विश्वाला बाहेर नाही. मग ती गेली कोठे?

१९९९ मध्ये रेन्युए सेन आणि जेरेमाया ऑस्ट्रायकर यांनी संगणकावर विश्वाची वाढ करून पाहिली आणि एक उत्तर सुचवले. गुरुत्वाकर्षणामुळे द्रव्य लांबलचक तंतूंच्या जाळ्यात गोळा होते. या तंतूंवर कोसळताना वायूत आघात लहरी उठतात आणि तो एक लाख ते एक कोटी अंश केल्विनपर्यंत तापतो. इतक्या तापमानाला हायड्रोजनचा एकुलता एक इलेक्ट्रॉन निघून जातो. इलेक्ट्रॉन नाही, म्हणून शोषण रेषाही नाही. मुले आवारातच होती, पण हाकेला ओ देण्याची त्यांची शक्ती गेली होती.

अशा वायूला 'कोमट-तप्त' वायू म्हणतात. लाखो अंशाला कोमट म्हणणे आपल्याला चमत्कारिक वाटेल, पण दीर्घिकासमूहांतील वायू याहून कितीतरी तप्त असतो, त्या मानाने हा कोमट. त्याची खरी अडचण तापमानाची नाही, विरळपणाची आहे. वायूचे तेज घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. घनता दहापट कमी झाली, की तेज शंभरपट कमी होते. तंतूंतील वायू दर घनमीटरला जेमतेम काही कण इतका विरळ असल्याने त्याचा उजेड जवळजवळ दिसतच नाही.

ऑक्सिजनची साक्ष आणि एक माघार

हायड्रोजन मुका झाला तरी त्याच्यात किंचित मिसळलेला ऑक्सिजन बोलू शकतो. त्याच्याकडे आठ इलेक्ट्रॉन असतात आणि या तापमानाला ते सगळे जात नाहीत. पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन अतिनील प्रकाशात रेषा देतो, तर सहा गमावलेला क्ष-किरणांत. हबल दुर्बीण आणि १९९९ मध्ये सोडलेला फ्यूज उपग्रह यांनी पहिल्या प्रकारच्या रेषा भरपूर टिपल्या. त्यामुळे कोमट भागाचा हिशोब लागू लागला. शुल यांच्या २०१२ च्या यादीत लायमन-आल्फा वायू सुमारे २८ टक्के आणि असा कोमट वायू सुमारे २५ टक्के आहे. सगळे जमेस धरूनही सुमारे २९ टक्के, म्हणजे छत्तीसांपैकी दहा, बेपत्ताच होते.

ते बहुधा अधिक तप्त वायूत असणार आणि तो क्ष-किरणांतच दिसणार. २००५ मध्ये फाब्रित्सिओ निकास्त्रो आणि सहकाऱ्यांनी चंद्रा वेधशाळेतून मार्केरियन ४२१ या तेजस्वी दीर्घिकेच्या प्रकाशवाटेवर अशा रेषा सापडल्याचे जाहीर केले. मोठा गाजावाजा झाला. पण दुसऱ्या गटांनी युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीने जास्त वेळ पाहिले, तेव्हा त्या रेषा तेथे दिसेनात. दावा टिकला नाही. निकास्त्रो यांनी मात्र शोध सोडला नाही. २०१८ मध्ये त्यांनी दुसऱ्या एका दूरच्या स्रोताची, जवळजवळ वीस दिवस भरतील इतक्या वेळाची निरीक्षणे घेऊन पुन्हा दोन ढगांच्या रेषा दाखवल्या. या वेळी पुरावा सबळ होता. तरी पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवले, की त्यांतील एक ढग वाटेवरचा नसून बहुधा स्रोताच्या अगदी शेजारचाच असावा. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात शोधांच्या तारखा ओळीने दिलेल्या असतात. त्या तारखांच्या मधल्या अशा माघारी मुलांपर्यंत पोचत नाहीत. खरे तर काम कसे चालते ते यांतूनच कळते.

एकट्याचे नव्हे, लाखोंचे मापन

दुसरी वाट सूक्ष्मलहरी प्रारणाची होती. १९७०च्या सुमारास रशीद सुन्याएव आणि याकोव्ह झेल्दोविच यांनी दाखवले होते, की हे प्रारण तप्त वायूतून जाताना इलेक्ट्रॉनांवर आदळून किंचित ऊर्जा मिळवते. त्याचा ठसा आकाशाच्या नकाशावर उमटतो. एका तंतूचा ठसा इतका फिका असतो, की तो गोंगाटात बुडून जातो. पण गोंगाट कधी वर, कधी खाली असतो, तर ठसा नेहमी एकाच बाजूला. म्हणून हजारो ठिकाणचे नकाशे एकावर एक ठेवून सरासरी काढली, की गोंगाट विरतो आणि ठसा उरतो. एकाच वस्तूची लांबी चाळीस मुलांना मोजायला लावून सरासरी काढण्याचा प्रयोग आपण करतोच, त्यातलेच हे तत्त्व.

एडिंबरो येथील आणि फ्रान्समधील ओर्से येथील अशा दोन गटांनी प्लांकच्या नकाशावर दीर्घिकांच्या जोड्या निवडल्या. एका गटाने अडीच लाखांहून जास्त, दुसऱ्याने सुमारे दहा लाख. प्रत्येक जोडीच्या मधल्या जागेची सरासरी काढल्यावर दोघांनाही तंतूंतील तप्त वायूचा ठसा दिसला. २०१९ मध्ये ही फलिते प्रसिद्ध झाली.

अशाच सरासरीच्या रीतीने थंड वायूच्या खात्यातही एक महत्त्वाची नोंद झाली आणि ती आपल्या घरची आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिने सुमारे शंभर तास निरीक्षण करून ७,६५३ दीर्घिकांच्या संकेतांची सरासरी काढली आणि सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वी दीर्घिकांमध्ये थंड अणुरूप हायड्रोजन किती होता हे मोजले. पुण्याच्या आणि बंगळूरच्या शास्त्रज्ञांचे हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. हरवलेले द्रव्य या खात्यात नव्हते, पण हिशोब पुरा करायचा तर प्रत्येक खाते तपासावे लागते.

प्रत्येक इलेक्ट्रॉन मोजणारी लहर

शेवटचा मोठा दुवा अनपेक्षित ठिकाणाहून आला. २००७ मध्ये डंकन लॉरिमर आणि सहकाऱ्यांना ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीच्या २००१ मधील जुन्या नोंदींत रेडिओ लहरींचा एक तीव्र झोत सापडला. तो सेकंदाच्या काही सहस्रांश इतकाच टिकला होता. असे शीघ्र रेडिओ स्फोट दूरच्या दीर्घिकांतून येतात, हे २०१७ मध्ये एका स्फोटाची जागा नेमकी सापडल्यावर पक्के झाले.

रेडिओ लहर मोकळ्या इलेक्ट्रॉनांतून जाताना कमी वारंवारतेचा भाग मागे पडतो. एकाच क्षणी निघालेल्या लहरींपैकी उच्च वारंवारतेच्या आधी पोचतात, कमी वारंवारतेच्या नंतर. हा उशीर वाटेतील इलेक्ट्रॉनांच्या एकूण संख्येवरच अवलंबून असतो. वायू कोमट आहे की तप्त, त्यात ऑक्सिजन आहे की नाही, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. चार घनमीटरला एक कण ही संख्या क्षुल्लक वाटते. पण एक चौरस सेंटिमीटर तोंडाची आणि एक अब्ज प्रकाशवर्षे लांबीची नळी कल्पिली, तर तिच्यात सुमारे २ वर वीस शून्ये इतके इलेक्ट्रॉन भरतात. उशीर मोजता येण्यास तेवढे पुरे होतात.

मात्र उशिरावरून घनता काढायची तर अंतर ठाऊक हवे आणि त्यासाठी स्फोट कोणत्या दीर्घिकेत झाला ते कळायला हवे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील छत्तीस तबकड्यांच्या आस्कॅप दुर्बिणीला एकदाच होणाऱ्या स्फोटांचीही जागा टिपता येऊ लागली. ज्याँ-पिएर मॅकार्ट आणि सहकाऱ्यांनी अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या स्फोटांचा उशीर घेतला. त्यातून आपल्या आकाशगंगेचा आणि उगमाच्या दीर्घिकेचा वाटा वजा केला आणि उरलेल्यावरून विश्वातील साध्या द्रव्याचे प्रमाण काढले. मे २०२० च्या अखेरीस ते प्रसिद्ध झाले. उत्तर ५ टक्क्यांच्या आसपास आले. अनिश्चितता बरीच होती, पण आकडा ड्युटेरियमच्या आणि प्रारणाच्या आकड्याशी जुळत होता. दुर्दैवाने त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मॅकार्ट यांचे निधन झाले. अंतर आणि उशीर यांच्यातील संबंधाला आता 'मॅकार्ट संबंध' म्हणतात.

त्यानंतर स्फोटांची संख्या वाढली. २०२५ मध्ये लिअम कॉनर आणि सहकाऱ्यांनी ६९ स्फोटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील बरेचसे कॅलिफोर्नियातील ओवेन्स खोऱ्यातील डीएसए-११० या दुर्बिणीने टिपलेले होते. त्यांच्या हिशोबाने सुमारे ७६ टक्के साधे द्रव्य दीर्घिकांच्या मधल्या जागेत आहे. सुमारे १५ टक्के दीर्घिकांच्या भोवतालच्या प्रभामंडलांत आहे. बाकीचे तारे आणि थंड वायू यांत आहे. आपल्या वर्गखोलीच्या भाषेत, छत्तीसांपैकी सत्तावीस दीर्घिकांच्या बाहेर, पाच-सहा त्यांच्या अंगणात आणि तीन-चार घरात.

मग प्रश्न सुटला का?

एकूण बेरजेपुरता सुटला, असे म्हणायला हरकत नाही. पण आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रेडिओ स्फोट इलेक्ट्रॉन मोजतात, ते किती तप्त आहेत हे सांगत नाहीत. म्हणजे हजेरी भरली, पण कोण कोणत्या बाकावर बसले आहे ते पुरते कळलेले नाही. तप्त तंतूंत किती आणि थंड पोकळ्यांत किती, याची विभागणी अजून चालू आहे. दीर्घिकांच्या केंद्रांतील कृष्णविवरे आणि फुटणारे तारे वायू बाहेर किती दूरवर फेकतात, यावर ती अवलंबून आहे.

शिबिरातील बाईंना आज आम्ही असे उत्तर देऊ. हरवले हे कळले, कारण दोन जुन्या नोंदी एकमेकींना न विचारता सारखाच आकडा सांगत होत्या. किती हरवले हे कळले, कारण अनेकांनी दिसणाऱ्या द्रव्याची खातेवार बेरीज करून ती कमी भरते हे न लपवता छापले. त्या बेरजेत कोणी मनाने एखादा आकडा घालून ताळा जमवला असता, तर तंतूंतील वायू शोधायला कोणी गेलेच नसते. आणि वीस-पंचवीस वर्षे शोधूनही द्रव्य सापडले नसते, तर चूक जमेच्या बाजूला, म्हणजे विश्वाच्या पहिल्या मिनिटांविषयीच्या आपल्या समजुतीत आहे, असे मानण्याची पाळी आली असती. ती शक्यता शेवटपर्यंत उघडी होती.

वर्गात हा विषय काढायचा झाला, तर सुरुवात खोलीच्या घनफळापासून करावी. मुलांना आधी छत्तीसचा आकडा स्वतः काढू द्यावा. मग विचारावे, की यांतले किती चमकत असतील? बहुतेक मुले "सगळे" किंवा "निम्मे" असे म्हणतील. दोन-तीन हे उत्तर ऐकल्यावर कोणीतरी हात वर करून "मग बाकीचे कोठे आहेत, आणि ते आहेत हे कशावरून?" असे नक्की विचारेल. त्या मुलाला घाईत उत्तर देऊ नये, एवढेच आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सुचवतो.